नमुन्याला दिलेल्या सपाता

ता. ३, सोमवार

ही वही पुस्तिकावाल्या बाईंनी दिली. त्यांच्या चित्रपट मंडळाने माझे सहा चित्रपट सहा दिवस दाखवायचं ठरवलंय, एकवीस ते सव्वीस तारखेपर्यंत. सोबत माझ्यावर एक छोटी पुस्तिका. "आठवेल तसं लिहीत जा, नीटनेटकं आम्ही करून घेऊ," असं बाई म्हणाल्या. एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं बोललो. कोरी पानं हातात पहिल्यांदाच आली, तर सुरुवात कुठून करायची तेच कळेना.

आकडे लिहितो, ते सोपं. चित्रपट दोनशे बारा. पोलीस एकतीस वेळा, न्यायाधीश चौदा, डॉक्टर एकोणीस. मेलो सव्वीस वेळा, त्यात एकदा एकाच आठवड्यात दोनदा. दुसऱ्या वेळी दिग्दर्शक म्हणाला, काका, सराव दिसतोय.

वर्तमानपत्रवाले मला अष्टपैलू म्हणतात. ज्याला नायकाचा चेहरा नाही त्याची समजूत काढायला हा शब्द बरा असतो. ही होती तेव्हा म्हणायची, "आठही पैलू बाहेर वापरून येता, घरी येते ती नुसती पाठ." फार विनोदी होती.

ता. ५, बुधवार

लेकीचा फोन. ती रविवारी साडेदहाला करते, चार मिनिटं. आज बुधवार असून आला म्हणून आधी घाबरलोच.

तिला नोकरीत बढती मिळालीय, पण समुद्रापलीकडे. ती आणि जावई अठ्ठावीसला निघणार. कायमचं का, असं विचारलं तर म्हणाली, बघू. या 'बघू'नंतर ती थोडं थांबली. थांबणं चांगलं होतं, निरोपाच्या प्रसंगाला शोभेलसं.

मग म्हणाली, "आईच्या चार वस्तू हव्या होत्या. हिरवी शाल, चष्मा, शिवणाचा डबा आणि सपाता. शेवटच्या वर्षी घरात घालायची त्या. वीस तारखेला न्यायला येते. तुम्हाला चालेल ना?"

मी म्हटलं, आहेत की, कपाटातच आहेत. इतकं पटकन म्हटलं की मलाही खरं वाटलं.

लहानपणी ती मला अरे-तुरे करायची. गेली चार वर्षं अहो-जाहो करते. वयाप्रमाणे समज येते माणसाला.

ता. ६, गुरुवार

शाल मिळाली, डबा मिळाला, चष्मा चष्म्याच्या घरातच होता. सपाता नाहीत. पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं, शेवटी काखेत कळसा असायचा म्हणून स्वतःच्या पायांकडेही पाहिलं.

दुपारी एकदम आठवलं. त्या मीच दिल्या होत्या.

नीट लिहून ठेवतो. ही घरात पडली, खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पण एक पाय त्यानंतर उचललाच गेला नाही. फरशीवरून ओढत यायचा. चौदा महिने अशी चालली आणि एक दिवस हृदयाने दगा दिला. ती गेल्यावर आठ महिन्यांनी मला लंगड्या मास्तरांची भूमिका आली. एकटा राहणारा, निवृत्त, एक पाय ओढणारा. पाय माझ्याकडे तयारच होता. कपडेपटाच्या जोडेमास्तरांना मी हिच्या सपाता नमुना म्हणून दिल्या, म्हणजे माझ्या मापाच्या तशाच झिजलेल्या करता येतील. त्या परत आणायचं राहूनच गेलं.

त्याच चित्रपटाला पारितोषिक मिळालं. पहिल्या खेळाला लेक माझ्या शेजारी बसली होती. मध्यंतरात उठून बाहेर गेली ती आलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी गेली, असं जावई म्हणाले. नेमकं माझं सगळ्यात चांगलं काम मध्यंतरानंतर होतं. तेवढं तिचं पाहायचं राहिलं ते राहिलंच.

ता. ८, शनिवार

कपडेपटाच्या गोदामात गेलो होतो. तिथल्या व्यवस्थापकाने चहा दिला आणि मला माझ्याच कपड्यांमधून फिरवलं. न्यायाधीशाचा झगा, तीन टोप्या, एका खुनाचा कोट. रक्ताचा डाग अजून लाल आहे, खरं रक्त इतकं टिकत नाही.

सपातांचं विचारलं तर तो आनंदाने मला काचेच्या कपाटाकडे घेऊन गेला. आत माझ्या मापाच्या सपाता, खाली चिठ्ठी, चित्रपटाचं नाव आणि 'पुरस्कारप्राप्त'. मी म्हटलं, या नव्हेत, ज्यांच्यावरून या केल्या त्या. तो म्हणाला, नमुने खालच्या कप्प्यात असायचे, दोन वर्षांपूर्वी उंदीर झाले म्हणून खालचं सगळं फेकलं.

नक्कल काचेत ठेवली आणि अस्सल कचऱ्यात गेलं. यात त्याची चूक नाही, त्याला कोण सांगणार होतं?

लेकीला खरं सांगून टाकावं असं परत येताना बसमध्ये ठरवलं होतं. घरी येऊन फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. आईच्या सपाता मी सिनेमावाल्यांना दिल्या हे वाक्य कुठल्याही आवाजात बरं वाटेना. मी चार-पाच आवाजांत म्हणून पाहिलं.

ता. १०, सोमवार

पुस्तिकावाल्या बाई दोन तास बसून गेल्या. माझी कामाची रीत त्यांना हवी होती. मी सांगितली, ती इथेही लिहितो.

मी माणसाच्या समोर बसतो. शेजारी बसलं की माणूस बोलायला लागतो, समोर बसलं की दिसायला लागतो. मग तो जे करेल ते मी करतो, आरशासारखं. पोस्टमन असो, शल्यविशारद असो, सहा आठवड्यांत तो माझ्या अंगात उतरतो.

बाईंनी हळूच विचारलं, "आणि मास्तरांची चाल?" ती हिची, असं मी सांगितलं. झोपायच्या खोलीपासून बैठकीपर्यंत आमचा बोळ अकरा पावलांचा आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. लेक तेव्हा चौदाही महिने इथेच राहायला आली होती, ती आईला धरून चालवायची. मी संध्याकाळी काम नसलं की बोळाच्या या टोकाला खुर्ची टाकून बसायचो, तिला हुरूप यावा म्हणून. एकदा माझ्यापर्यंत पोहोचून ही म्हणाली, "झालं का बघून?" आम्ही दोघं हसलो. लेक हसली नाही, दमली असेल.

बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही बरं वाटलं.

ता. १२, बुधवार

शेवटी जोडेमास्तरांकडेच गेलो. आता ते कपडेपटात नसतात, एका अरुंद गल्लीत जोड्यांच्या डागडुजीची कामं करतात. डोळ्याला कमी दिसतं, पण बोटांना सगळं दिसतं. मी अडचण सांगितली. त्यांनी कोपऱ्यातून मापांची जुनी वही काढली. हिचं माप तिच्यात होतं, पाच नंबर, रुंद पंजा, करड्या रंगाचं जाड कापड, कडेला निळा गोट. तसंच कापड त्यांच्याकडे एका थैलीत पडून होतं.

म्हणाले, "करून देतो. पण साहेब, लेकीला नक्कल देणार?"

मी म्हटलं, तिला आठवण हवी आहे, आठवण दोन्हींत सारखीच. हे वाक्य मला बरं जमलं असं वाटलं. जोडेमास्तरांनी थैलीतून कापड बाहेर काढलं.

झीज कुठल्या पायाला, असं त्यांनी विचारलं. डाव्या, मी म्हटलं. पंजाची बाहेरची कड आणि अंगठ्याखाली. ते सपातेचा तळ कापता कापता थांबले. "तेव्हाही तुम्ही डावाच म्हणाला होतात. नमुना मात्र मला वाटतं..." आणि मग आपणच म्हणाले, जाऊ दे, पाच वर्षं झाली.

म्हातारपणी माणसाला डावं-उजवं कळेनासं होतं. त्यांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे.

ता. १६, रविवार

साडेदहाला लेकीचा फोन, तीन मिनिटं. खोके आणलेत म्हणाली.

सपाता कालच आणल्या. शिवण हुबेहूब, पण कोऱ्या करकरीत. जुन्या करायचं काम मी मागून घेतलं होतं, कारण ती चाल माझ्याशिवाय कुणाला येते? माझा पाय त्यात जाईना. म्हणून हात घातले. बोळात गुडघ्यांवर बसलो आणि सपाता हातांनी चालवल्या. उजवी नीट टेकवायची, डावी ओढायची. अकरा पावलं जायचं, अकरा यायचं. गुडघ्यांखाली उशी बांधली होती तरी पंचवीस फेऱ्यांनंतर उठवेना. मग त्यांना चहाचं पाणी लावलं, उन्हात ठेवल्या, परत चालवल्या.

खूप वर्षांनी काम केल्यासारखं वाटलं. दोन वर्षांत मला कुणी बोलावलेलं नाही, हे मी बाईंना सांगितलेलं नाही. संध्याकाळी सपाता पलंगाशी ठेवल्या आणि दारातून पाहिलं. क्षणभर ही आत झोपली आहे असंच वाटलं. एवढा सुंदर अभिनय मी स्वतःही कधी केला नसेल.

ता. २०, गुरुवार

लेक आली होती.

जसं झालं तसं लिहितो. अकराला आली. केस कापलेत, वाळलीय. मी चहा केला. तिने शाल नाकाशी धरली. चष्मा घालून पाहिला आणि हसली. डबा उघडून दोऱ्याचं एक रीळ बोटावर फिरवलं. मग मी सपाता आणल्या.

तिने त्या मांडीवर घेतल्या. उलट्या केल्या. अंगठ्याने एकीचा तळ चाचपला, मग दुसरीचा. 

"या आईच्या नाहीत."

मी म्हटलं, त्याच आहेत, झीज बघ ना.

"झीजच बघतेय. आईचा उजवा पाय होता, बाबा."

मला हसू आलं. खरोखर आलं. मी म्हटलं, अगं, चौदा महिने मी तिला बघितलंय.

"बघितलंत. समोर खुर्ची टाकून. मी शेजारी असायचे. ती उजवीकडे कलायची. चौदा महिने तिचा सगळा भार माझ्या या डाव्या खांद्यावर होता, तो अजून दुखतो." मग सपाता तिने टेबलावर ठेवल्या, एकीला एक लावून. "सिनेमात तुम्ही डावा पाय ओढलात. मला वाटलं, मुद्दाम बदललात. आईला कुणी ओळखू नये म्हणून. बाबांनी तेवढी तरी लाज राखली असं म्हणायचे मी. त्या एका गोष्टीवर चार वर्षं दर रविवारी फोन केला तुम्हाला."

मी कपडेपटाचं, उंदरांचं, जोडेमास्तरांचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. तीन वस्तू पिशवीत घातल्या. जाताना दार इतकं हलकेच लावलं की कडीचाही आवाज आला नाही. असं दार लावणं कुठल्याही भूमिकेत कामाला येईल, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं, खोटं कशाला लिहू? मग फार लाज वाटली.

ता. २१, शुक्रवार

मंडळाचा आज पहिला दिवस होता. तब्येतीचं कारण सांगून गेलो नाही.

हॉस्पिटलचे कागद काढले. उजवा खुबा. तीन ठिकाणी लिहिलंय, एका ठिकाणी तर खाली रेघ मारून. त्या कागदाखाली सही माझी आहे.

दिवसभर मनात हिला चालवून पाहिलं. बोळाच्या टोकाला खुर्ची टाकून, डोळे मिटून. ती खोलीतून निघते, भिंतीला हात लावते आणि डावा पाय ओढते. कितीही केलं तरी डावाच. मग नीट पाहिलं तर तो पाय तिचा नव्हता, माझा होता, मास्तरांची विजार घातलेला. वरचा चेहरा तेवढा तिचा.

म्हणजे मी सहा महिने तालीम केली आणि तिच्यावरून स्वतःला रंगवून घेतलं. खाली ती उरलीच नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. मी आयुष्यभर आरसाच होतो, आणि आरशात उजव्याचं डावं होतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

ता. २३, रविवार

साडेदहा वाजले. अकरा वाजले. फोन नीट चालतोय, मी तपासला.

ता. २६, बुधवार

आज मास्तरांचा चित्रपट, शेवटचा दिवस, नंतर माझं भाषण. पहिल्या रांगेत बसवलं. पुस्तिका हातात दिली. मधल्या पानावर छापलंय, 'पत्नीच्या आजारपणाचे इतके सूक्ष्म आणि प्रेमळ निरीक्षण विरळाच.' बाई शेजारून माझ्याकडे पाहत होत्या, मला वाक्य आवडलं का म्हणून. मी मान हलवली.

दिवे गेले. मास्तर दारातून आत आले आणि डावा पाय ओढत खुर्चीपर्यंत गेले. मागे कुणीतरी सुस्कारा टाकला. काम चांगलंच आहे, ते नाकारत नाही. पण मला प्रत्येक पावलाला वाटत होतं, या बाजूला हिच्या उजवीकडे एक मुलगी होती, ती कुठे गेली? पडद्यावर मी एकटाच चाललो होतो. ही कधी एकटी चाललीच नव्हती. हे मी बघत असूनही बघितलं नव्हतं.

मध्यंतरात उठलो. बाईंना म्हटलं, डोकं दुखतंय. बाहेरच्या पायऱ्यांवर आलो आणि तिथे उभा राहिल्यावर कळलं की हे वाक्य आधी कुणाचं होतं. भाषण झालं नाही. बाईंना उद्या फोन करून माफी मागायला हवी.

ता. २७, गुरुवार

सकाळीच लेकीकडे गेलो. न कळवता. दार जावयांनी उघडलं. घरभर खोके, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. लेक जमिनीवर बसून पुस्तकं बांधत होती. "या," म्हणाली. बसायला खुर्ची राहिली नव्हती, एका खोक्यावर बसलो. जावयांनी दोन-तीन विषय काढून पाहिले आणि आत जाऊन भांडी गुंडाळू लागले. चांगला माणूस आहे.

मी काय बोलणार होतो ते बसमध्ये पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य म्हणालो नाही. पाठ केलेलं ती ओळखते. एवढंच सांगितलं की काल मीही मध्यंतरात उठलो. तिचे हात जरा थांबले, मग परत दोरा आवळू लागले.

चिकटपट्टी संपली. आणते म्हणून ती उठली. मी येऊ का विचारलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, तेव्हा गेलो.

चिकटपट्टी घेतली. दुकानातून परत फिरलो. रस्ता सरळ, एका बाजूला लांब कुंपणाची भिंत, माणसं तुरळक. मी म्हटलं, "मला ती आठवत नाही गं. मीच आठवतो."

ती भिंतीच्या कडेने चालत राहिली.

"तू कशी धरायचीस तिला, ते मला दाखव."

"मला अभिनय येत नाही, बाबा."

"मला बघायचं नाहीये. धरायचंय फक्त."

ती तशीच उभी राहिली. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मग चिकटपट्टी पिशवीत टाकून तिने मला दंडाला धरून आपल्या उजव्या बाजूला आणलं. माझा हात तिच्या पाठीमागून घेऊन कमरेशी ठेवला. "घट्ट. अजून घट्ट. ती पडेल ना अशाने. आणि तिच्या आधी पाऊल टाकायचं नाही." मग सगळं अंग माझ्यावर टाकलं. आजवर अंगावर कितीजण पडले, कितीजणांना उचललं, पण हे ओझं निराळं होतं. ते अर्ध्यात थांबत होतं. खांद्यावर पुरतं टाकावं की नाही, असं दर पावलाला विचारत होतं.

चाललो. तिचा डावा पाय टेकला, मग उजवा मागून फरफटत आला, माझ्या बुटाला लागून. मी समोर बघत होतो. कुंपणाची भिंत, एक बंद फाटक, लांबवर दुकानाची पाटी. मान वळवायची सवय एक्केचाळीस वर्षांची, ती मानेत नुसती खेचत होती. कानाशी तिचा श्वास येत होता, मोजल्यासारखा, आणि तो हिचा होता. दम खाताना ही असा श्वास घ्यायची हे मला माहीतच नव्हतं. खुर्चीपर्यंत तो ऐकूच यायचा नाही.

सातव्या पावलाला ती अडखळली. नवव्याला माझा खांदा भरून आला. अकरा झाली आणि आम्ही थांबलो. ती सरळ झाली नाही. डोकं माझ्या खांद्यावर ठेवून उभी राहिली आणि रडली, आणि मी बघितलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, "तू दमलास." मी नाही म्हटलं.

ता. २९, शनिवार

काल ते गेले. विमान वेळेवर निघालं, पोहोचल्याचा निरोप पहाटे जावयांनी पाठवला.

जोडेमास्तरांच्या सपाता अजून टेबलावर आहेत, त्यांचं काय करावं ते सुचत नाही. बोळाच्या टोकाची खुर्ची मात्र उचलून आत नेली.

परवापासून डावा खांदा दुखतोय. शेक घेतलेला नाही.